तिरपं स्टूल

दरवर्षी धबधब्यावर आम्ही भावंडं नाचायचो आणि गुडघे आखडलेली अम्मी काठावर आमच्या चपला राखायची. निर्लज्ज होतो आम्ही. यंदा सुतारकाम करणाऱ्या अब्बूंनी तिच्यासाठी स्टूल केलं. दोन पाय लांब, दोन आखूड.

"सदफ, तुझ्या बापाची नजर गेली गं," अम्मी म्हणाली. "यावर बकरीपण बसायची नाही."

अक्कलकुव्याच्या जीपमध्येही सगळे हसले. अब्बू पायवाटेने स्टूल डोक्यावर घेऊन चालले आणि धारेखालच्या उतरत्या खडकावर त्यांनी ते ठेवलं. जरासुद्धा हललं नाही. खडकाचा उतार त्यांनी मागच्याच वर्षी मापून ठेवला होता.

अम्मी धारेखाली बसली. चिंब भिजून ओरडली, "अहो, चपला कोण राखणार?"

"जाऊ देत वाहून," अब्बू म्हणाले.