दोनशे चौदावा मणी

थोरलीचं काम घरात कुणालाच धड समजलं नव्हतं, आणि समजावून सांगायचा नाद तिने केव्हाच सोडला होता. फक्त धाकट्या बहिणीला तिने एकदा सांगितलं होतं. प्रथिन म्हणजे गुंडाळून ठेवलेली माळ. प्रत्येक मणी एक ठिपका मानायचा, जे मणी एकमेकांना खेटून बसलेत त्यांच्यात रेघ ओढायची, की झालं जाळं. मग बघायचं, सगळ्यांची ये-जा कुणावरून होते. प्रत्येक घराण्यात एक आत्या असते बघ, जिच्या कानावर गेल्याशिवाय बातमी पुढे सरकत नाही; तसा प्रथिनातही एखादा मणी असतो. तो बिघडला की कारभार आटोपला. कडेचा बिघडला तर कुणी ढुंकूनही बघत नाही.

धाकटीने ते पक्कं लक्षात ठेवलं. तिचं पहिलं बाळ नऊ महिन्यांचं असताना दगावलं, मान न धरताच. तपासणीच्या कागदावर लिहिलं होतं: एका प्रथिनातला दोनशे चौदावा मणी बदललेला आहे, बदल आई आणि वडील दोघांकडून आला आहे, पण तोच दोषी आहे का हे सांगता येत नाही. डॉक्टरांनी हात वर केले. पुढच्या वेळी पोटातल्या बाळाची लवकर तपासणी करता येईल म्हणाले, पण तिच्यातही थोडा धोका असतोच. धाकटी तो कागद घेऊन थेट ताईकडे आली.

थोरलीने जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता, जाळं काढलं. दोनशे चौदावा अगदी कडेला होता, जेमतेम तीन रेघांचा.

"हा बिचारा कोपऱ्यात बसलेला पाहुणा आहे," ती म्हणाली. "बाळाचं कारण दुसरंच काहीतरी असणार. तपासणीबिपासणी नको. निर्धास्त राहा."

धाकटी निर्धास्त राहिली. आता तिला सातवा महिना होता.

आज सकाळी थोरली नव्याने आलेल्या सहकारी बाईंना काम दाखवत होती. पहिला धडा ती सगळ्यांना हाच द्यायची: तपासणीच्या कागदावरचा आकडा आणि प्रथिनाच्या रचनेच्या फाइलमधला आकडा एकच धरू नका. काही प्रथिनांचं सुरुवातीचं टोक पेशीतच कापलं जातं, आणि रचना शोधणारे लोक कधी कधी उरलेल्या माळेपासून एक, दोन मोजायला लागतात. आधी मणी तोच आहे का बघा, मग पुढे चला. उदाहरण म्हणून तिने हातासरशी बहिणीचंच प्रथिन उघडलं. कागदावर दोनशे चौदावा मणी होता ग्लायसीन. फाइलमध्ये त्या आकड्यावर सेरीन हा भलताच मणी बसला होता.

आठ वर्षं ही चूक करणाऱ्यांना ती फैलावर घेत आली होती. आणि घरचंच काम म्हणून स्वतः मात्र एवढंही बघितलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. टोकाचे सव्वीस मणी कापलेले होते. ती सव्वीस घरं मागे गेली. एकशे अठ्ठ्याऐंशी. तिथे रेघांची नुसती झुंबड होती. अर्ध्या प्रथिनाची वाट त्याच ठिपक्यावरून जात होती.

"मॅडम, बरं नाही का वाटत?" बाईंनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि लॅपटॉप उचलून निघाली.

दोघांकडूनही बदल येण्याची शक्यता चारात एक. हा आकडा ती इतरांना सहज सांगायची. आज रस्त्याने चालताना तो एकच डोळ्यांपुढे होता, बाकीचे तीन काही केल्या दिसेनात. तपासणी अजूनही करता आली असती, पण सातव्या महिन्यात कळून करायचं काय? या आजारावर इलाज नव्हता. निर्णय घ्यायची वेळ तिनेच खाऊन टाकली होती.

"तू? या वेळी?" दार उघडत धाकटी हसली. "रजा काढलीस की हाकलून दिलं?"

थोरलीने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, काही सावरून घेतलं नाही. बसली असती तर तेवढाही धीर झाला नसता.

धाकटी ऐकत राहिली. हिने एक थोबाडीत द्यावी, असं थोरलीला मनापासून वाटत होतं. पण तिने ताईच्या खांद्यावरची बॅग उतरवून घेतली, लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.

"ताई, पुन्हा एकदा मोज ना," ती म्हणाली. "मागच्या वेळी मोजलं होतंस ना, अगदी तसंच."