अधांतरी वडी

माझं डोकं मुळातच गरम, आणि १९९६च्या एप्रिलातल्या त्या दिवशी तर पार तापलेलं. एमएस्सीचा माझा प्रकल्प म्हणजे रुपयाएवढी एक काळी वडी. इट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या पावडरी खलून मी ती भट्टीत भाजली होती. ती अतिसंवाहक ठरली, म्हणजे कडक गार असेपर्यंत विजेला जराही अडवेनाशी झाली, तर पास, नाहीतर वर्ष पाण्यात.

वडी गार करायला द्रव नायट्रोजन हवा. तो नाशकात कुणाकडे सापडला? गायी फळवणाऱ्या पुंजारामकाकांच्या डब्यात, वळूचं बीज गोठवून ठेवायला! आमच्या मखमलाबादच्या गोठ्यात काका नेहमीचेच. "ए मंजे, थर्मासभर देतो, जादा नाय," ते म्हणाले. "हरसूलला गायी वाट बघत्यात माझी." म्हणजे प्रयोग एकदाच होणार.

आधी वडी गार करायची, मग वर चुंबक सोडायचा. तो तरंगला की जिंकलो. पण समोर बाहेरचे परीक्षक, मानगुटीवर आमचे विभागप्रमुख देवरे सर. गडबडीत चुंबक वडीवरच राहिला आणि मी नायट्रोजन ओतून मोकळी झाले. वाफा उठल्या. चुंबक ढिम्म हलेना.

"झालं! घाल चुलीत ती वडी," देवरे सर म्हणाले. "तरी मी सांगत होतो."

अस्सा संताप आला! म्हटलं, गेली उडत परीक्षा. कपड्यांच्या लाकडी चिमट्यात चुंबक धरला आणि खसकन उचलला. तर अगं बाई, त्याच्याखाली वडीपण वर आली! चिकटून नाही, अधांतरी लटकत. परीक्षकांनी मधल्या फटीतून कागदाची पट्टी आरपार सरकवली.

"हे का झालं? सांगता आलं तरच पास," ते म्हणाले.

"दुसऱ्या प्रकारचा अतिसंवाहक आहे, सर!" मी जवळजवळ ओरडलेच. "पहिल्या प्रकारचा चुंबकाला नुसता लोटतो. हा त्याच्या बलरेषा बारीक धाग्यांसारख्या आत घेतो, आणि वडीतल्या भेगांत, भेसळीत ते धागे अडकून बसतात. म्हणून जबर चुंबकापुढेही हा टिकतो. एमआरआयच्या यंत्रातली तारसुद्धा याच जातीची!"

"शाब्बास पोरी! पैकीच्या पैकी!" परीक्षक म्हणाले.

मला नाचावंसं वाटलं. पण वडी तापत चालली होती. "सर, पडेल ती आता," मी म्हणाले.

परीक्षक हलायच्या आत देवरे सर धावले आणि त्यांनी खाली ओंजळ धरली. वडी टपकन पडली. गारठ्याचा चटका बसून "आई गं!" करत ते जागच्या जागी नाचले, पण ओंजळ सोडली नाही.

"फुटली असती ना गं," ते म्हणाले.