जिऱ्याचं दुसरं नाव

रुख्मिणीने तापल्या तेलात जिरं टाकलं, तशी चुलीशेजारी बसलेली तिची लेक शकुन वास घेत म्हणाली,

“कोमिनो.”

“काय?”

“जिऱ्याले कोमिनो म्हणतात. सिस्टरच्या देशात.”

रुख्मिणीने फोडणीत वरण असं ओतलं की चुलीत शिंतोडे उडाले.

उकळत्या आंबिलीचं पातेलं कलंडून नऊ वर्षांच्या शकुनचा हात भाजला, तेव्हापासून ती अमरावतीच्या कॅम्पात, कमिश्नर साहेबाच्या कचेरीमागच्या मिशन दवाखान्यात मलमपट्टीला जायची. हात बरा झाला, पट्टी सुटली. जाणं काही सुटलं नाही. स्पेनहून आलेली म्हातारी सिस्टर तिला एकेका मसाल्याचं नाव आपल्या बोलीत शिकवायची आणि पोरगी ते घोकत घरी यायची. जिरं कोणतं नि ओवा कोणता, हे तिला मांडीवर बसवून, नाकाशी चिमूट धरून रुख्मिणीनेच शिकवलं होतं. त्याची आठवण आता कोणाला?

“उद्यापासून तिकडे जाचं नाई.”

“काहून?”

“मी सांगून राहिली म्हणून.”

शकुन न जेवताच निजली. ते रुख्मिणीला जास्त झोंबलं. आपल्यासाठी ही कधी उपाशी राहिली होती?

दुसऱ्या दिवशी पाटीतली मेथी-वांगी खपल्यावर ती सिस्टरला दोन शब्द सुनावायला दवाखान्यात गेली. शकुन मागोमाग होतीच. सिस्टर मागच्या पडवीत चुलीपाशी होती. रुख्मिणीने तोंड उघडायच्या आत शकुन धावली आणि तिच्या झग्याला बिलगली.

“कोमिनो!”

सिस्टरने डोळे मिटून घेतले.

“अकरा वर्सं झाले,” ती अडखळत म्हणाली. “इथं माही बोली कोनी बोलत नाई. बाकी सिस्टर फ्रान्सच्या. तुमची पोरगी बोलते, तं मले माही माय बोलल्यावानी वाटते.”

दोन शब्द सुनवायचे सोडून रुख्मिणीने चुलीवरच्या भांड्यात डोकावलं. पाणचट वरणावर जिरं कच्चंच तरंगत होतं.

“असं नसते टाकत,” ती म्हणाली आणि तिने पळी हाती घेतली. तेल तापत ठेवून लसूण ठेचायला घेतला. मग एक पाकळी वर धरून, जरा घुश्शातच विचारलं,

“याले काय म्हणता?”

“आहो.”

“आहो? थे तं वकिलाघरच्या बाया नवऱ्याले म्हणतात!”

सिस्टरला उमगायला क्षणभर लागला. मग ती अशी हसली की डोक्यावरचं वस्त्र मागे सरकलं. रुख्मिणीने तोंडाला पदर लावला, पण तिलाही हसू आवरेना.

“अन् मिठाले?”

शकुनने दोनदा हाक मारली. कोणी वळून पाहिलं नाही. शेवटी ती दोघींच्या मधे घुसली आणि आईचा पदर ओढू लागली.

“माय, चाल न घरी.”

“थांब वं जराशी,” तिच्याकडे न पाहताच रुख्मिणी म्हणाली. “मिरचीचं इचारू दे.”