काळ्या रेतीचा झिरा

सायलीताई दरडीपाशी उकिडव्या बसल्या, तेव्हापासून रतनबाईचा पाय एका जागी ठरेना. मेंढरं पाण्यावर आली होती. त्यांच्याकडे बघायचं सोडून ती उगीच झिऱ्याभोवती घुटमळत होती.

गेवराईकडच्या या वळणावर गोदावरी उन्हाळ्यात आटते. मग रेतीत खड्डा करायचा, त्यात पाणी पाझरतं, तोच झिरा. रतनबाईची सासूही इथलंच पाणी प्यायली. यंदा रतनबाईच्या धाकट्या पोरानं, सोमनाथनं, इथल्या काळ्या रेतीला लोहचुंबक लावलं. रेती चिकटली आणि पठ्ठ्यानं व्हिडिओ टाकला. झालं! लोखंड निघणार म्हणून एक कंपनी जागी झाली. तिनं सोमनाथला मशीनवर लावायचा शब्द दिला आणि तपासणीला भूगर्भवाल्या सायलीताईंना धाडलं. नोकरी लागली की त्याला पोरगी द्यायला लोक तयार होते. पण मशीन आली की झिरा जाणार होता.

सायलीताईंनी दरडीतल्या खडकावर बोट फिरवलं. "ही जुनी रेतीच. थरावर थर बसून दगड झाली. वळणावर पाण्याचा जोर ओसरतो, जड काळे कण खाली बसतात, हलके पुढं जातात. पण इथं काळी रेघ केसाएवढी आहे, आणि झिऱ्यापाशी हातभर जाड! मावशी, नदी एवढं एकाच जागी कसं आणेल?"

सोमनाथ आईकडे बघत होता. त्याला सगळं ठाऊक होतं, लहानपणी त्यानंच घमेली ओढली होती. रतनबाईनं एकदा झिऱ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. गप्प राहिलं तर पाणी जाणार, बोललं तर पोराचं लग्न.

"नदीनं न्हाई आणलं," ती म्हणाली. "आमी आणलं. हलकी रेती पाणी लई गढूळ करती. म्हणून सगळ्या वळणाची रेती घमेल्यात घोळायची, वरची फेकायची, तळाची झिऱ्यात टाकायची. जड हाय, पुरातबी हालत न्हाई. सासूच्या सासूपासून असंच चाललंय."

"मग कंपनीला इथं खोदण्यासारखं काही नाही," म्हणत सायलीताईंनी नमुन्याची पिशवी तिथंच रिकामी केली.

"कावून बोललीस, आई?" सोमनाथनं विचारलं.

तिनं झिऱ्यातून तांब्या भरला आणि त्याच्यापुढं धरला. सकाळपासून तो उन्हात होता, ओठ सुकले होते, तरी त्यानं तांब्या घेतला नाही. मेंढरं हाकत तो दरड चढून गेला, आणि रतनबाई भरला तांब्या धरून तशीच उभी राहिली.