पैलवान धार काढतो

म्हशीनं तिसऱ्यांदा लाथ मारली आणि पैलवान बादलीसकट शेणात बसला. त्याच्या नि आमच्या गोठ्याची भिंत एकच, आणि तिला एक भोक. शेजारधर्म म्हणून मी त्यातून बघत होते.

पोरवयात त्यानं एकदा कुणाला तरी चीत केलं होतं, तेव्हापासून गाव त्याला पैलवान म्हणायचं. पुढच्या सगळ्या कुस्त्या त्यानं घरातच केल्या, बायकोशी. शेवटच्या कुस्तीत तिचा हात मोडला. ती भावाकडं गेली, तिथून कोर्टात गेली, आणि कोर्टानं तिला दरमहा पोटगी बांधून दिली. यानं दोन महिने दिली. मग शपथेवर लिहून दिलं, की म्हशी आटल्या, घरात थेंबभर दूध नाही, बायको स्वतःच्या खुशीनं कपडेलत्ते घेऊन गेली, तरी पोटगी बंद व्हावी.

म्हशी कसल्या आटतात! त्यांना तिच्या हाताची सवय. हा खाली बसला की त्या पान्हा चोरायच्या.

"अरे, जनावर वासानं ओळखतं," म्हातारी आई म्हणाली. "तिचे कपडे पेटीत पडलेत ना? घाल."

"मी? बायकोचा परकर?"

"मग बस कोरा चहा पीत!"

घातला की. मिशीवरून शालही ओढली, आणि दोन्ही म्हशींनी पान्हा सोडला. त्या दिवसापासून धारेच्या वेळी पुढच्या दाराला कडी, आणि डेअरीत रोज भरलेला कॅन. कोर्टात मात्र म्हशी आटलेल्याच. खोटं बोल पण रेटून बोल, त्यातला हा माणूस.

एका दुपारी कोर्टाचा बेलीफ चौकशीला आला. घर दाखवायला सोबत पैलवानाची बायकोच होती. हात वाकडाच जुळला होता. भावाच्या घरी भावजयीची आदळआपट सुरू झाली होती, पोटगी थांबली तर तिथंही थारा नव्हता. तिचं उतरलेलं तोंड बघून माझं पित्त खवळलं.

"साहेब, पाणी घ्या, टेका जरा," मी बेलीफला म्हटलं. "धारेच्या वेळेला जा."

"पण म्हशी आटल्यात ना?"

"म्हणूनच म्हणते."

मागचं अंगण आम्हा दोघांचं एकच. संध्याकाळी तिकडून दोघांना नेलं. शाल पांघरलेली एक आडदांड बाई म्हशीखाली बसली होती, बादली फेसानं भरत आली होती.

"बाई, मालक कुठं आहेत?" बेलीफनं विचारलं.

बाई बोलेना. पैलवानाचा आवाज ऐकून म्हशीनं पान्हा चोरला असता ना! तिनं नुसता घराकडं हात केला. म्हातारी धावत बाहेर आली.

"पोरगा कामधंदा शोधायला गेलाय हो साहेब. खायचे वांदे झालेत आमचे."

"मग ही कोण?"

"ही? ही माझी सून!"

बेलीफनं हातातला कागद वाचला. "सून तर घर सोडून गेली म्हणता."

"परत आली हो. फार गुणाची आहे पोर."

माझ्या मागून सून पुढं आली. "सासूबाई, मग मी कोण?"

तिचा आवाज ऐकला आणि म्हैस रेकून वळली. पैलवान उताणा पडला, शाल एकीकडं गेली आणि मिशी उघडी पडली. मी एवढी हसले, की माझा नवरा पळत आला.

कोर्टानं पोटगी कायम ठेवली. वर डेअरीला हुकूम दिला, की याच्या दुधाच्या पैशातून आधी बायकोची पोटगी कापा आणि थेट तिलाच पाठवा. म्हणजे हा आता रोज तिच्यासाठीच धार काढणार. भावाचं घर सोडून तिनं खोली घ्यायचं ठरवलं.

"तुमचे कपडे त्यांच्याकडे आहेत," न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं. "ते परत हवेत ना?"

"नको साहेब, राहू देत त्याच्याकडं," ती म्हणाली. "त्या घरात राबायला आता तेवढी एकच बाई उरलीय."