यामिनीबाईंचा 'ण'

करावे गावातल्या पंढरी तांडेलांची थोरली बहीण यशोदा सतराव्या वर्षी सिनेमात गेली. खाडीवर एका गाण्याचं शूटिंग चाललं होतं आणि होडी वल्हवायला मुलगी हवी होती. दोन वर्षांनी तीच मुलगी 'यामिनी' नावानं पोस्टरवर झळकली. पुढची बारा वर्षं मराठी पडद्यावर तिचंच राज्य होतं.

कॅमेऱ्यामागे मात्र ती गप्प असायची. मासिकं तिला 'अबोल सौंदर्य' म्हणत, निर्माते शिष्ट म्हणत. खरं कारण तिला संवाद शिकवणाऱ्या मास्तरांनाच ठाऊक होतं. आगरी घरातली मुलगी. तोंड उघडलं की 'पानी' आणि 'लोनी'च यायचं. पहिल्याच चित्रपटात सगळं युनिट हसलं होतं. मग रोज पहाटे आरशासमोर बसून पाणी, लोणी, कोण, आण. घोकता घोकता जीभ दुखायची. एखादा 'न' निसटेल या धास्तीनं ती सेटवर चहासुद्धा खुणेनं मागायची.

आता यशोदाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. नवरा गेल्यावर त्या दादरहून सीवूड्सच्या टॉवरमध्ये राहायला आल्या, माहेरापासून चालत दहा मिनिटांवर. गेल्या मार्चमध्ये पंढरीची नात उन्नती कॉलेजसाठी गावच्या बोलीत छोटी फिल्म करत होती. त्यातल्या म्हातारीच्या कामासाठी तिनं यशोदाबाईंना गळ घातली. वाक्य एकच होतं.

जेट्टीवर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "खाडीचं पाणी कोणाचंच नाय, पोरी."

"आजी, पानी," उन्नतीनं हळूच सुचवलं.

सहा वेळा झालं. सहाही वेळा 'ण' स्वच्छ, ठसठशीत. यशोदाबाई दमून पायरीवर बसल्या. राहू दे, आवाज दुसऱ्या कुणाचा घालू, असं उन्नती म्हणाली. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि कोणी विचारलं नसताना आईबद्दल सांगू लागल्या.

आई एकदा सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन स्टुडिओत आली होती. यशोदाबाई मेकअप करून बसलेल्या, भोवती मोठी मंडळी. ही कोण, असं दिग्दर्शकानं विचारलं. गावची ओळखीची बाई आहे, जेवायला घालून पाठवा, असं त्या म्हणाल्या. आई निमूट जेवली आणि गेली. गावात मात्र तिनं सगळ्यांना सांगितलं, की पोरीनं मला आपल्याजवळच्या खुर्चीवर बसवलं.

"दारातूनच इचारत होती ती, 'माजी पोर कंची हाय? कोनी सांगल का?'" यशोदाबाई म्हणाल्या. "मी समोरच होते, उन्नती. कोनी नाय सांगितलं."

तो 'कोनी' उन्नतीला ऐकू आला. तिनं शूटिंगसाठी मोबाइल पुन्हा उचलला. सातव्या वेळी वाक्य बोलीत आलं, जरा अडखळत. उन्नतीनं तेच ठेवलं.

त्या दिवशी यशोदाबाई टॉवरमध्ये लगेच परतल्या नाहीत. पंढरीच्या ओट्यावर बसून शेजारच्या बायकांशी बोलत राहिल्या: कोणाची होडी अजून खाडीत जाते, चिखलातले निवटे मासे अजून मिळतात का, मिठागरावरची माणसं कुठं पांगली. मधूनच एखादा 'ण' यायचा. कोणी तिकडे लक्ष दिलं नाही. जेवायची वेळ झाली तेव्हा पंढरीनं न विचारताच आणखी एक ताट मांडलं.