माझ्या मातीला सिमेंट फासलं

मी दिंडोरीजवळच्या मळ्यातलं एक जुनं घर आहे, आणि मित्रांनो, मला फार राग आलेला आहे. गोड आठवणी ऐकायच्या असतील तर दुसरं घर गाठा.

मला चिमाजीने बांधलं, शेतातल्याच मातीने. दोन खोल्या, पुढे ओटी, हातभर जाड भिंती, वर कौलं. भिंतींना पावसाचा मारा लागू नये म्हणून छप्पर चांगलं खालपर्यंत उतरवलेलं, त्यामुळे आत येताना वाकावं लागे. दिसायला मी साधंच, पण उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. चिमाजीची सून मीना भिंती वेळच्या वेळी लिंपायची. कुठे ओल आलीच तर दोन उन्हांत वाळून जायची.

नव्वद सालानंतर मळ्यात द्राक्षं आली, हाती पैसा खेळू लागला आणि चिमाजीच्या मुलाला, हिरामणला, माझी लाज वाटायला लागली. मोटारीतून आलेल्या व्यापाऱ्यांनी वाकून आत यायचं म्हणजे काय! त्याने छप्पर कापून आखूड केलं, भिंतींना बाहेरून सिमेंट फासलं आणि वर गुलाबी रंग. येणारेजाणारे म्हणू लागले, बंगलाच झाला की. हिरामण फुशारला. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला.

पावसाळ्यात पाणी सिमेंटच्या फटींतून आत शिरलं आणि तिथेच कोंडलं. बाहेरून गुलाबी, आत नुसता चिखल. आणि त्या भिंतीलगत मीनाच्या तान्ह्या लेकीचा पाळणा! मीनाने आतून हात लावून पाहिला, तर भिंत ओलीगच्च आणि फुगलेली. तिने नवऱ्याला सांगितलं, पुन्हा सांगितलं.

"सिमेंट हाय ते," हिरामण म्हणाला. "तुला काय कळतंय त्यातलं?"

असा संताप आला, पण घराला कुठलं तोंड? मीनाने वाद घातला नाही. लेकीला उचललं आणि सरळ गोठ्यात जाऊन बसली. लोक काय म्हणतील म्हणून हिरामण तरातरा तिला परत आणायला गेला. तो गोठ्याच्या दारात पोचतोय तोच माझी भिंत बसली. पाळणा ढिगाऱ्याखाली गेला.

हिरामण म्हणाला, "पावसानं घात केला."

"पावसानं नाय," मीना म्हणाली. "तुमी केला."

मित्रांनो, घराची लाज वाटली तर खुशाल सोडून जा. पण आत लेकरं निजवून त्याला नुसतं बाहेरून सजवू नका. मी त्या दिवशी पडलं नाही. मला पाडलं.